शनिवारवाडा रंगवताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी शनिवारवाड्यासमोर हल्ली कागद-रंग घेऊन बसणारे बरेच दिसतात. आनंद आहे. पण त्यातली निम्मी मंडळी आल्याआल्या मोबाइलवर फोटो काढतात आणि पुढचे दोन तास, वाडा समोर असताना, त्या फोटोत बघून चित्र करतात. मग घरी बसायला काय झालं होतं?

वाड्याच्या मुख्य दरवाज्यावर, म्हणजे दिल्ली दरवाज्यावर ऊन पाडणं, ही सगळ्यात मोठी चूक. हिच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे, कारण मी ती केली आहे. एका ओळखीच्यांना वास्तुशांतीला भेट द्यायला वाड्याचं जलरंगातलं चित्र हवं होतं. डिसेंबर होता, वेळ नव्हता. जुना सपाट प्रकाशातला फोटो घेतला आणि उजवीकडून सोनेरी ऊन मीच पाडलं. बुरुजांवर पिवळा, कमानीत जांभळा. वर ऐटीत नाव दिलं, ‘डिसेंबरची संध्याकाळ’. सगळे वा वा करत होते. शेजारच्या कसबा पेठेत जन्म काढलेले एक आजोबा मात्र बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चित्र झकास आहे हो, पण थंडीत इथं ऊन कुठून आणलंत? आम्ही त्या दारासमोर कुडकुडायचो."

दरवाज्याचं तोंड उत्तरेला, म्हणून तर तो दिल्ली दरवाजा. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो, म्हणजे वाड्याच्या पाठीमागून. दर्शनी बाजूला उन्हाची तिरीपसुद्धा लागत नाही. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो आणि नंतर काही आठवडे उत्तरेकडे कलतो. उन्हातलाच दरवाजा हवा असेल तर मे महिन्यात टोपी घालून या. थंडीत सावलीच रंगवा. निळसर दरवाजा, मागून उजळलेली बुरुजाची कड, पुढे पटांगणात पसरलेली सावली: मला तर हेच चित्र जास्त आवडतं.

तेव्हापासून कागदाच्या पाठीवर आधी उत्तरेचा बाण, तारीख आणि वेळ लिहितो. सावल्यांच्या कडा पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलीने पक्क्या करतो. मग सूर्य कुठेही जावो, त्यांना हात लावत नाही. सावलीच्या मागे धावणाऱ्यांच्या चित्रात डावा बुरूज सकाळी नऊचा असतो आणि उजवा साडेअकराचा.

दुसरी चूक, बसून सुरू केलेलं चित्र उभं राहून पुरं करणं. महात्मा फुले मंडईसमोर हे हमखास होतं. १८८६ साली सुरू झालेली ती अष्टकोनी इमारत आधीच अवघड. प्रत्येक बाजूच्या रेषा वेगळीकडे पळतात. त्यात पाय अवघडले म्हणून तुम्ही उठता आणि आय लेव्हल, म्हणजे डोळ्यांची पातळी, दीड-दोन फूट वर जाते. खालच्या कमानी बसलेल्या माणसाच्या, शिखर उभ्या माणसाचं! शिष्य विचारतात, "सर, मनोरा कलल्यासारखा का वाटतोय?" उठायचं असेल तर चहाला उठा. परत येऊन त्याच स्टुलावर बसा. आय लेव्हलची रेघ मी सगळ्यात आधी मारतो. सपाट जागेवर तुम्ही उभे असाल, तर गर्दीतल्या उभ्या माणसांची डोकी, जवळची काय नि लांबची काय, साधारण त्याच रेघेवर येतात. एवढं पाळलं तरी माणसं तरंगत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. मोबाइलच्या वाइड लेन्सने वर बघून काढलेल्या फोटोत बुरूज आत झुकतात, ते तसेच उतरवू नका. वाड्याची तटबंदी खाली दगडाची, वर विटेची आहे. सगळीकडे एकच तपकिरी फासू नका. दगडाला ट्यूबमधला काळा तर नकोच, अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळले की पुरतात. हत्तींना अडवायला दारावर ठोकलेले खिळे मोजत बसू नका, दोन-चार ठिकाणी ब्रश टेकवला की हत्तीलाही कळतं. विजेच्या तारा, रिक्षा खुशाल ठेवा. त्या गाळल्या की चित्राचं कॅलेंडर होतं. आणि तटावरून डोकावणारे महालाचे मजले कल्पनेने उभे करू नका. आतला वाडा १८२८च्या आगीत जळाला, तिथे आता जोती आहेत.