न रंगवलेल्या मिनिएचर्सचा ढीग कसा उपसावा

मिनिएचर्स म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळातले छोटे पुतळे. त्यांची पेटी घ्यायला पाच मिनिटं लागतात, रंगवायला कित्येक संध्याकाळी. त्यामुळे ढीग साचणारच. पण तो हलत का नाही, हे जरा निरखून पाहा. एका शिपायाचा हात चिकटवायचा राहिलेला, दुसऱ्याला नुसता प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, तिसऱ्याचे फक्त बूट रंगलेले. कामाला बसलं की कुठून सुरू करायचं हे ठरवण्यातच अर्धा उत्साह संपतो. म्हणून हात भरभर चालवण्याआधी सगळ्यांना एका रांगेत आणायला हवं.

१. पाच जण निवडा. सगळा पसारा बाहेर काढा. पुढच्या खेळात लागणारे एकीकडे, रंगवायची खरी हौस असलेले दुसरीकडे. उरलेले विका, कुणाला देऊन टाका किंवा खोक्यात घालून नजरेआड करा. पहिल्या गटातून पाच उचला, जास्त नको. वीस शिपायांचे वीस पट्टे ओळीने रंगवताना भलेभले कंटाळतात. नवी खरेदी बंद, असले संकल्प फारसे टिकत नाहीत. त्यापेक्षा हातातले पाच संपेपर्यंत नव्या पेटीतले तुकडे ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्यातून कापायचे नाहीत, एवढा नियम पुरे. न कापलेली पेटी निदान विकता तरी येते.

२. तयारी वेगळ्या दिवशी उरका. कापणं, घासणं, चिकटवणं हे काम रंगकामात मिसळू नका. साच्याच्या जोडाची बारीक रेघ अंगावर उठलेली असते. सुरीच्या पात्याची पाठ हलक्या हाताने ओढून ती खरवडा. आळस करून सोडलीत, तर ड्रायब्रश, म्हणजे रंग पुसून जवळपास कोरडा केलेला ब्रश, फिरवल्यावर नेमकी तीच उठून दिसते. पॉलिस्टायरीनला, म्हणजे नेहमीच्या कडक प्लास्टिकला, प्लास्टिक सिमेंट लावा, ते प्लास्टिक विरघळवून सांधा एकजीव करतं. रेझिन आणि धातूवर त्याचा उपयोग नाही, तिथे सुपरग्लू. रेझिनचे तुकडे आधी कोमट साबणपाण्यात जुन्या टूथब्रशने घासून घ्या, कारण साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला थर राहिला तर रंग धरत नाही. रेझिनला पॉलिश पेपर मारायचा असेल तर मास्क लावा आणि ओलं करूनच घासा.

३. प्रायमर. पाचही जण एका पट्टीवर दुहेरी चिकटपट्टीने उभे करा. मोकळ्या हवेत, २० ते ३० सेंमी अंतरावरून, थोडा थोडा स्प्रे मारा. आधी सगळीकडून काळा, तो सुकल्यावर फक्त वरून पांढरा. उजेड-सावली इथेच ठरून जाते. दमट हवेत हे काम टाळा, पृष्ठभाग खरखरीत होतो.

४. रंग. वेळ वाचतो तो इथे. गेम्स वर्कशॉपने २०१९मध्ये काढलेले काँट्रास्ट रंग किंवा आर्मी पेंटरचे स्पीडपेंट पातळ आणि अर्धपारदर्शक असतात. खोबणीत गडद साचतात, उंचवट्यावर फिके राहतात. झग्याचं उदाहरण घ्या. रंग वरून खाली एका दमात उतरवा. खालच्या काठाशी थेंब जमतो, तो ओला असतानाच दमट ब्रशच्या टोकाने टिपून घ्या. सुकल्यावर डाग बसतो आणि मग त्याच्यामागे लागण्यात वेळ जातो. पहिल्या आवृत्तीचं स्पीडपेंट घरात असेल तर सांभाळून वापरा, वर ओला ब्रश फिरला की सुकलेला रंगही सुटतो. २०२३च्या दुसऱ्या आवृत्तीत हे सुधारलं आहे.

एक रंग पाचही जणांवर, मग पुढचा. पाचव्याचा झगा होईपर्यंत पहिल्याचा बहुधा सुकत आलेला असतो. आतून बाहेर या: त्वचा, कापड, चामडं, शेवटी धातू. धातूवर गडद वॉश, म्हणजे खोबणीत उतरणारा पातळ रंग, ओता, तो वाळला की कडांवर चंदेरी ड्रायब्रश. ब्रश एक किंवा दोन नंबरचा, टोकदार. तीन शून्यांच्या नाजूक ब्रशवर रंग शिपायापर्यंत पोचेपर्यंतच वाळतो.

थांबायचं कुठे? खेळताना मिनिएचर हातभर अंतरावर असतं, तेवढ्या अंतरावरून पाहा. वॉरहॅमर ४०,००० या युद्धखेळाच्या दहाव्या आवृत्तीत संपूर्ण सैन्य ‘बॅटल रेडी’ असेल तर शंभरातले दहा गुण मिळतात. त्यासाठी मुख्य भाग रंगलेले आणि बेस, म्हणजे पायाखालची चकती, सजवलेला असला की झालं. डोळ्यांतली बुबुळं कुणी मागितलेली नाहीत! तरी चेहऱ्यावर उजळ रंगाचे दोन फटकारे माराच, नजर आधी तिथेच जाते. बाकी हौस सरदारासाठी राखून ठेवा. त्याला घाई नाही.

५. बेस आणि वार्निश. बेसवर मातीसारखी खरबरीत टेक्स्चर पेस्ट, एक ड्रायब्रश, गवताचा एखादा झुपका. कड मात्र सगळ्या सैन्याची एकाच रंगात ठेवा. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हौसेने रंगवलेले शिपाई त्यामुळे एका पलटणीचे दिसतात. वर मॅट वार्निश, नाहीतर हाताळून हाताळून भाल्याच्या टोकांचा रंग आधी उडतो.

वार्निशचा स्प्रे बाहेर काढाल तेव्हाच पुढच्या पाच जणांना प्रायमर मारून घ्या, मांडामांड एकदाच होते. फक्त रंगवलेले आधी आत न्या, नाहीतर काळ्या स्प्रेचे कण त्यांच्यावर बसतील.