शिलालेखावरचा शक, कागदातला सन आणि गावाच्या आठवणीतले शतक

गावातल्या देवळाचा किंवा वाड्याचा काळ ठरवताना पहिला घोटाळा होतो तो शतकाच्या सीमेवर. इसवी सनात शून्य वर्ष नसल्यामुळे पहिले शतक १ ते १०० असे धरतात, आणि त्याच हिशेबाने सतरावे शतक १६०१ ला सुरू होऊन १७०० च्या अखेरीस संपते. औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला १७०० च्या एप्रिलमध्ये घेतला, ती घटना म्हणून सतराव्या शतकातली. त्याच साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक १२ जानेवारी १७०८ रोजी झाला, तो अठराव्यातला.

शिलालेखावर बहुधा शालिवाहन शक असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीसाठी शकात ७८ मिळवावेत आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शाहू महाराजांच्या राज्याभिषेकाचा शक १६२९ आहे. नुसता आकडा पाहून त्याला सतरावे शतक म्हणण्याची चूक सर्रास होते. शके १६२२ मात्र दोन शतकांत विभागला गेला आहे, तेव्हा महिना कोरलेला नसेल तर शतकाचा हट्ट न धरता सरळ १७००-०१ लिहावे.

दगड झिजून शेवटचा अंक पुसला असेल, तर संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचे, नाव शोधावे. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. जी बाकी उरेल तितका संवत्सर पहिल्या प्रभवापासून मोजावा, आणि बाकी शून्य आली तर तो साठावा, म्हणजे क्षय. १६२९ मध्ये १२ मिळवले की १६४१ होतात, बाकी २१ उरते, आणि एकविसावा संवत्सर सर्वजित. दगडावर ‘शके १६२’ एवढेच दिसत असून पुढे ‘सर्वजित’ वाचता येत असेल, तर गेलेला अंक ९ होय.

मोडीतल्या जुन्या कागदांवर शुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरातली एक वर्षगणना, अरबी शब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ याचा अर्थ एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हा सन मृगापासून बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ आणि पुढे ६०० मिळवावेत. जानेवारीतल्या कागदाला त्यामुळे १७६१ हे पानिपताचे वर्ष मिळते.

कागद वा दगड काहीच नसेल, तर जाणत्या माणसांना साल विचारू नये. सालापेक्षा खूण पक्की असते. ‘भूकंपाच्या आधी ही ओवरी होती का?’ असे पाटणकडे विचारले, तर ११ डिसेंबर १९६७ ही कोयनेच्या भूकंपाची तारीख आपोआप मर्यादा ठरते; कुंडलकडे स्वातंत्र्यलढ्यातल्या पत्री सरकारचा आणि दुष्काळी माणदेशात बहात्तरच्या दुष्काळाचा तसाच उपयोग होतो. दोन खुणा मिळाल्या की मधला काळ ‘या दरम्यान’ असा नोंदवावा.

लोकांच्या मनातले शतक शंभर वर्षांचे असतेच असे नाही. साताऱ्याचा छत्रपतींच्या गादीचा काळ शाहू महाराजांच्या राज्याभिषेकापासून १८४८ मध्ये राज्य खालसा होईपर्यंत सलग सांगितला जातो. सांगलीचे मात्र नवल आहे: पटवर्धनांचे सांगली संस्थान मिरजेपासून १८०१ मध्ये वेगळे झाले, म्हणजे तिथले एकोणिसावे शतक पंचांगाबरोबरच उजाडले, आणि विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ हे नाटक १८४३ मध्ये तिथेच रंगले. फलकावर लिहिताना म्हणून ‘शाहूकाळ’ किंवा ‘संस्थानकाळ’ हा शब्द ठेवावा आणि शेजारी शक, इसवी सन व शतक ही तिन्ही द्यावीत.