टीआर म्हणजे कमिट नव्हे: एसएपीत नव्याने येणाऱ्यांसाठी

रत्नागिरी-चिपळूणच्या कॉलेजांतून एसएपी, म्हणजे कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टवर येणारी मुलं हल्ली गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, शिकूनच येतात. चांगलंच आहे. पण एका सिस्टिममधलं काम पुढच्या सिस्टिममध्ये नेणारी ट्रान्सपोर्ट रिक्वेस्ट, म्हणजे सगळे ज्याला टीआर म्हणतात, तो कमिटचा, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या नोंदीचाच भाऊ समजतात आणि तिथे फसतात.

गिटचा कमिट आधी आपल्या लॅपटॉपवर होतो. एबॅपचा, म्हणजे एसएपीच्या भाषेतला कोड सेव्ह केला की थेट डेव्हलपमेंट सर्व्हरवर जातो. भर पावसात कुडाळला घरून काम करताना लाईट गेली, व्हीपीएन तुटलं, तरी सेव्ह केलेलं शाबूत राहतं, अॅक्टिव्हेट, म्हणजे वापरात आणलं नसलं तरी. नेट नसताना मात्र हातावर हात ठेवून बसायचं.

खरी गोम पुढे आहे. टीआरमध्ये तुमचे बदल नसतात, ऑब्जेक्टची (प्रोग्रॅम, टेबल वगैरे) यादी असते. टीआर रिलीज करता, म्हणजे बंद करून पुढे पाठवायला मोकळा करता, त्या क्षणी प्रोग्रॅम जसा असेल तसा अख्खा एक्स्पोर्ट होतो. समजा, बिलाच्या रिपोर्टमध्ये एक कॉलम वाढवून पहिला टीआर रिलीज केला. मग दुसऱ्यात बेरीज दुरुस्त केली. दुसऱ्यात आता दोन्ही बदल आहेत. प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिमला दुसरा आधी आणि पहिला नंतर गेला, तर बेरीज पुन्हा चुकीची, आणि इम्पोर्टचा निकाल सांगणारा रिटर्न कोड मात्र ०, म्हणजे सगळं ठीक! ४ म्हणजे वॉर्निंग, ८ म्हणजे एरर. ८ ची मला तेवढी धास्ती नाही, तो निदान बोंब तरी मारतो. एसटीएमएस या इम्पोर्टच्या स्क्रीनमधून एकेक टीआर निवडून इम्पोर्ट होत असेल, तर क्रम सांभाळणं आपल्याच गळ्यात. बेसिसला, म्हणजे सिस्टिम सांभाळणाऱ्या टीमला मेल करताना नुसते नंबर टाकू नका, कुठला कुणाच्या आधी ते लिहा.

रिलीज केलेला टीआर परत उघडता येत नाही. दुरुस्तीला नवाच लागतो. म्हणून टेस्टिंगसाठी ट्रान्सपोर्ट ऑफ कॉपीज वापरा. कॉपी क्वालिटीला, म्हणजे टेस्टिंगच्या सिस्टिमला जाते, मूळ टीआर उघडाच राहतो. एबॅपला गिटशी जोडणारं एबॅपगिट, जीसीटीएस आलंय खरं, पण जुन्या प्रोजेक्टवर पहिल्या दिवशी गाठ पडते ती एसई१० शी, म्हणजे टीआर सांभाळायच्या स्क्रीनशीच.

आणि गणपतीची रजा. गावी निघण्याआधी एसई१० मध्ये आपले मॉडिफायेबल, म्हणजे रिलीज न झालेले टीआर बघा. तुमच्या टीआरमध्ये अडकलेल्या प्रोग्रॅमला दुसऱ्याने हात लावला, की त्याचा टास्क, म्हणजे टीआरमधला त्याच्या नावाचा भाग, तुमच्याच टीआरखाली तयार होतो. तुमचा टास्क रिलीज झाल्याशिवाय त्याचं तातडीचं काम पुढे सरकत नाही, आणि सरकलंच तर तुमचा अर्धवट कोड सोबत घेऊन जातं. तेव्हा अर्धवट काम डॉलर टेम्पमधल्या (जिथलं काही ट्रान्सपोर्ट होत नाही) लोकल प्रोग्रॅममध्ये कॉपी करून ठेवा, व्हर्जन मॅनेजमेंटमधून मूळ प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती परत आणा, आणि टास्कचा ओनर बदलून मगच तुतारी एक्स्प्रेस पकडा.