मणक्याच्या शस्त्रक्रियेवर संशोधन करताय? या चुका टाळा

मणक्याच्या किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेवरचा अभ्यास फसला की खापर बहुधा आकडेवारीवर फुटतं. चाचणी चुकीची लावली, पी-मूल्य (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या वर राहिलं, रिव्ह्यूअर खडूस निघाला. पण एक्सेल शीट संख्याशास्त्रज्ञाच्या हाती पडते तोवर जे बिघडायचं ते बिघडून गेलेलं असतं. काय मोजायचं, कोणी, कधी आणि कोणत्या मापाने, हे पहिल्या रुग्णाची संमती घेण्याआधी कागदावर उतरलेलंच नसतं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

"निकाल चांगला" म्हणजे नेमकं काय?

प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, "वेदना, कार्यक्षमता, फ्यूजन (मणके एकमेकांना जुळणं), गुंतागुंती आणि समाधान यांचा अभ्यास" असं लिहिलं की पाच मापं झाली. ती तीन भेटींत घेतली की पंधरा तुलना. दोन उपचारांत काडीचाही फरक नसला, तरी पंधरा स्वतंत्र तुलनांपैकी निदान एक तरी ०.०५ च्या खाली जाण्याची शक्यता ५४ टक्के असते. मग तीच एक तुलना सारांशात चमकते.

मुख्य माप एकच ठेवा आणि ते वाक्यात पूर्ण लिहा: "पायातल्या वेदनेचा ० ते १० आकडा, शस्त्रक्रियेनंतर १२ महिन्यांनी, चार आठवडे अलीकडे-पलीकडे, शस्त्रक्रिया न करणाऱ्या व्यक्तीने विचारलेला." पाय आणि कंबर यांचे आकडे वेगळे घ्या. डिस्क सरकल्यामुळे होणाऱ्या त्रासात शस्त्रक्रियेचा फायदा मुख्यतः पायातल्या कळेत दिसतो. "दुखतं किती?" एवढंच विचारलं तर तो फायदा कंबरदुखीत मिसळून पुसट होतो.

ऑस्वेस्ट्री निर्देशांक, म्हणजे ओडीआय, ही कंबरदुखीमुळे रोजच्या कामात किती अडथळा येतो ते मोजणारी प्रश्नावली. ती सगळेच वापरतात आणि तिची बेरीज बरेच जण चुकवतात. त्यात दहा विभाग आहेत, प्रत्येकाला ० ते ५ गुण, कमाल ५०. लैंगिक जीवनाचा विभाग अनेक रुग्ण कोरा सोडतात. अशा वेळी भाजक ५० नसून ४५ घ्यायचा. नऊ विभागांत १८ गुण असतील तर उत्तर ४० टक्के. ५० ने भागलं तर ते ३६ येतं आणि रुग्ण आहे त्यापेक्षा बरा दिसतो. दुसरा सापळा दिशेचा. ओडीआय जितका जास्त तितकी स्थिती वाईट, तर मानेच्या मज्जारज्जूवरील दाबासाठी वापरला जाणारा एमजेओए जितका जास्त तितकी स्थिती चांगली. जपानी मूळ जेओए १७ गुणांचा आहे आणि सुधारित एमजेओए १८ गुणांचा. दोन्ही एकाच रकान्यात भरलेल्या शीट्स अजूनही सापडतात. कोणता वापरला ते रकान्याच्या नावातच लिहा. आणि प्रश्नावली रुग्णाच्या भाषेत द्यायची तर त्या भाषेत प्रमाणित झालेली आवृत्तीच घ्या. वॉर्डात बसून केलेला घरगुती अनुवाद चालत नाही.

ओडीआयमध्ये (० ते १०० च्या मापावर) १० गुणांची किंवा मूळ आकड्यात ३० टक्क्यांची घट, हा रुग्णाला जाणवणाऱ्या बदलाचा बराच वापरला जाणारा उंबरठा आहे. तो एकेका रुग्णासाठी आहे. दोन गटांच्या सरासरीत ६ गुणांचा फरक आला म्हणून उपचार निरुपयोगी ठरत नाही. प्रत्येक गटात किती टक्के रुग्णांनी उंबरठा ओलांडला ते मोजा.

मज्जारज्जूच्या दुखापतीत घोळ वेगळा असतो. तिथे दुखापत किती गंभीर ते सांगणारी एआयएस श्रेणी ए (सर्वांत गंभीर) ते ई (सामान्य) अशी असते. ए म्हणायचं तर एस४-एस५ पातळीवर (मज्जारज्जूच्या सर्वांत खालच्या, गुदद्वाराभोवतीच्या भागात) संवेदना नाही, गुदद्वाराशी खोल दाब कळत नाही आणि तिथल्या स्नायूचं ऐच्छिक आकुंचनही नाही, हे सगळं तपासलेलं हवं. गुदपरीक्षण टाळून "ए" लिहिलेला रुग्ण तीन महिन्यांनी "सी" निघतो आणि श्रेय शस्त्रक्रियेला जातं. भूल, मद्य किंवा डोक्याच्या दुखापतीमुळे सहकार्य न करणाऱ्या रुग्णाची नोंद "तपासता आलं नाही" अशीच करा, अंदाजाने भरू नका. पहिली तपासणी किती तासांनी झाली तो आकडाही हवा.

रुग्ण किती हवेत: "गेल्या वेळी साठ घेतले होते"

हे काही गणित नाही. दोन गटांच्या सरासरीसाठी ढोबळ सूत्र असं: प्रत्येक गटात १५.७ गुणिले प्रमाण विचलनाचा (आकड्यांच्या सरासरीभोवतीच्या फैलावाचा) वर्ग, भागिले अपेक्षित फरकाचा वर्ग. हे ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) आणि ०.०५ पातळीसाठी. ओडीआयचं विचलन १८ धरलं आणि १० गुणांचा फरक पकडायचा असेल तर गटात ५१ रुग्ण लागतात. फरक ५ गुणांचा असेल तर २०४. फरक निम्मा झाला की रुग्ण चौपट, हे गाइडला पहिल्याच बैठकीत सांगून टाकलेलं बरं.

फॉलो-अपमध्ये २० टक्के गळतील असं धरलं तर ५१ ला १.२ ने गुणू नका. ०.८ ने भागा. उत्तर ६४ येतं. गुणाकार केला तर ६२ येतात आणि गळतीनंतर हाती ५० च उरतात.

गुंतागुंतीची तुलना करायची असेल तर आकडे छाती दडपवणारे असतात. ड्यूरा (मज्जारज्जूभोवतीचं आवरण) फाटण्याचं प्रमाण १० वरून ५ टक्क्यांवर आलं हे दाखवायला प्रत्येक गटात सुमारे ४३५ रुग्ण लागतात. त्यामुळे चाळीस-चाळीसच्या अभ्यासाने "गुंतागुंतीत फरक आढळला नाही" असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. "आमच्या ६० रुग्णांत एकही संसर्ग नाही" या वाक्यालाही ३ भागिले रुग्णसंख्या हा नियम लावा: खरं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असू शकतं.

स्क्रू मोजणाऱ्यांसाठी एक खास इशारा. ६० रुग्णांत ३६० पेडिकल स्क्रू (मणक्याच्या हाडात बसवायचे स्क्रू) म्हणजे ३६० स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एकाच रुग्णाचं हाड, एकच सर्जन, एकच इमेजिंग, त्यामुळे स्क्रू एकमेकांसारखे वागतात. रुग्णामागे ६ स्क्रू आणि त्यांच्यातला सहसंबंध ०.१ असेल तर फुगवटा १ + (५ × ०.१) = १.५ पट, म्हणजे ३६० चे प्रत्यक्षात २४० च. साधी काय-वर्ग चाचणी सोडा आणि रुग्ण हा समूह धरणारं मॉडेल वापरा. स्क्रू हाडाबाहेर किती गेला ते सांगणारी गर्ट्झबाइन-रॉबिन्स श्रेणी देताना २ मिलिमीटरच्या पायऱ्या सीटीवरच मोजा. साध्या एक्स-रेवर ए (स्क्रू पूर्ण हाडात) आणि बी (२ मिलिमीटरपेक्षा कमी बाहेर) यांतला फरक दिसत नाही.

लिफाफे, अदलाबदल आणि बंद डोळे

कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठीने ठरवून ती पाकिटात बंद करतात, पण पाकीट दिव्यासमोर धरलं की आतली चिठ्ठी दिसते. चार-चारचा ठरलेला ब्लॉक (दर चार रुग्णांत दोन्ही गटांना दोन-दोन) असेल आणि पहिले दोन रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात गेले, तर पुढचे दोन कुठे जाणार हे ओपीडीतल्या प्रत्येकाला कळतं. मग "हा जरा अवघड आहे, पुढच्याला घेऊ" सुरू होतं. ब्लॉक ४ आणि ६ असे मिसळा, आकार सर्जनला सांगू नका आणि वाटप फोनवरून किंवा संगणकावरून तिसऱ्या माणसाकडे ठेवा.

वाटप नीट झालं तरी रुग्ण गट बदलतात, आणि मणक्याच्या संशोधनातली ही सर्वांत मोठी डोकेदुखी आहे. डिस्कवरचा अमेरिकेतला स्पोर्ट अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. यादृच्छिक भागात, म्हणजे गट चिठ्ठीसारखा योगायोगाने ठरवलेल्या भागात, ५०१ रुग्ण होते. तीन महिन्यांत शस्त्रक्रियेच्या गटातल्या ५० टक्क्यांचीच शस्त्रक्रिया झाली, आणि विनाशस्त्रक्रिया गटातल्या ३० टक्क्यांची झाली. वाटपानुसार विश्लेषणात (उपचार कोणताही झाला तरी रुग्ण मूळ गटातच धरून) मुख्य मापांतला फरक लहान राहिला, तो संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. प्रत्यक्ष उपचारानुसार पाहिलं तर तो मोठा दिसला. पण दुसऱ्या तुलनेत यादृच्छिकतेचं संरक्षण उरत नाही, कारण ज्यांना जास्त दुखतं तेच शस्त्रक्रियेकडे वळतात. उपाय आधीच करायचे: जो दोन्ही उपचारांना खरोखर तयार आहे त्यालाच घ्या, वाटप आणि शस्त्रक्रिया यांत आठवडे जाऊ देऊ नका, गट बदलला तर तारीख आणि कारण नोंदवा, आणि मुख्य विश्लेषण वाटपानुसारच राहील असं प्रोटोकॉलमध्ये लिहा.

सर्जनला अंध, म्हणजे कोणता उपचार झाला याबद्दल अनभिज्ञ, ठेवता येत नाही. पण मोजणाऱ्याला ठेवता येतं. तपासणीवेळी सर्व रुग्णांच्या पाठीवर सारखंच ड्रेसिंग लावा, आणि कोणती शस्त्रक्रिया झाली ते बोलायचं नाही असं रुग्णाला सांगून ठेवा. हा खटाटोप जास्त वाटत असेल तर २००९ चे व्हर्टेब्रोप्लास्टीवरचे (मोडलेल्या मणक्यात सिमेंट भरण्यावरचे) दोन अभ्यास आठवा. सिमेंट भरलेले रुग्ण सुधारले, आणि नुसतं प्रक्रियेचं सोंग केलेलेही जवळजवळ तेवढेच सुधारले. माणूस कळ शिगेला पोहोचल्यावर डॉक्टरकडे येतो, मग कळ आपोआपही उतरते. तुलनेचा गट नसलेल्या मालिकेत ही उतरण उपचाराच्या खात्यावर जमा होते.

फिल्मवरची मापं

झोपून काढलेल्या एमआरआयवर लॉर्डोसिस (कंबरेचा आतल्या बाजूचा बाक) मोजून उभ्या एक्स-रेशी तुलना करू नका. पूर्ण मणक्याचा बाजूचा एक्स-रे उभ्याने, गुडघे सरळ, बोटं हंसळीच्या हाडावर टेकवून काढायचा. दोन्ही मांड्यांच्या हाडांची गोल टोकं फिल्ममध्ये आली पाहिजेत, ती कापली गेली तर पेल्व्हिक इन्सिडन्स (कटिभागाच्या ठेवणीचा एक कोन) मोजताच येत नाही. इथे फुकटची एक पडताळणी मिळते: पेल्व्हिक इन्सिडन्स म्हणजे पेल्व्हिक टिल्ट अधिक सॅक्रल स्लोप. शीटमध्ये तसा रकाना करा, आणि जिथे २ अंशांपेक्षा जास्त फरक येतो ती फिल्म पुन्हा मोजा. निम्म्याहून अधिक टंकनचुका तिथेच पकडल्या गेल्या तर नवल वाटू नये.

कॉब कोन (मणक्याच्या वाकाचं माप) हाताने मोजताना ३ ते ५ अंश इकडेतिकडे होतातच. म्हणून ४ अंशांची "सुधारणा" छापण्याआधी दोघांनी स्वतंत्र मोजावं, काही आठवड्यांनी क्रम बदलून पुन्हा मोजावं आणि आयसीसी (मोजमापं किती जुळतात त्याचा गुणांक) द्यावा. डिस्कच्या झिजेच्या फिर्मन श्रेणीसारख्या क्रमवार मापाला भारित कॅपा (योगायोगाची सहमती वजा करणारा आणि मोठी तफावत जास्त मोजणारा आकडा) लागतो, नुसती "९० टक्के सहमती" पुरत नाही.

आणि एमआरआयवर जे दिसतं ते दुखण्याचं कारण असेलच असं नाही. २०१५ च्या एका पद्धतशीर आढाव्यात काहीही लक्षण नसलेल्या २० वर्षांच्या लोकांपैकी ३७ टक्क्यांत डिस्कची झीज दिसली आणि ८० वर्षांच्यांत ९६ टक्क्यांत. समावेशाच्या निकषात "एमआरआयवर डिस्कची झीज" एवढंच लिहिलं तर कोणीही आत येईल.

फिल्म सुधारली, माणूस नाही

न्यूरोसर्जरीत हा धडा महागात शिकला गेला. जुनाट सबड्यूरल रक्तगाठीत (मेंदूच्या आवरणाखाली साचलेल्या रक्तात) डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन पाहणाऱ्या २०२० च्या ब्रिटिश चाचणीत पुन्हा शस्त्रक्रियेचं प्रमाण ७.१ वरून १.७ टक्क्यांवर आलं. फक्त तेवढंच मोजलं असतं तर औषध सर्वत्र सुरू झालं असतं. पण मुख्य माप सहा महिन्यांनंतरची रँकिन श्रेणी (रुग्ण रोजच्या जगण्यात किती परावलंबी आहे त्याचं माप) होती, आणि चांगली स्थिती असलेले रुग्ण डेक्सामेथासोन गटात ८३.९ टक्के, तर प्लासिबो गटात ९०.३ टक्के निघाले. फ्यूजन झालं, दाब उतरला, गाठ परत आली नाही ही सगळी मधली स्थानकं आहेत. मुख्य माप रुग्ण कसा जगतोय याचं असावं.

गुंतागुंत "आढळली नाही" की विचारली नाही?

बीएमपी-२ या हाड वाढवणाऱ्या प्रथिनावरच्या १३ मूळ, उद्योगपुरस्कृत लेखांत ७८० रुग्णांमध्ये त्या प्रथिनामुळे झालेला एकही दुष्परिणाम नोंदलेला नव्हता. २०११ च्या फेरआढाव्यात तेच प्रमाण वापरानुसार १० ते ५० टक्के असल्याचं मांडलं गेलं. प्रत्येक भेटीला तीच छापील यादी विचारा: जखम, ताप, नवा अशक्तपणा, लघवी, गिळणं, पुन्हा भरती. संसर्गाची मुदतही आधी ठरवा. फ्यूजननंतर ९० दिवस आणि नुसत्या लॅमिनेक्टमीनंतर (मणक्याची मागची कमान काढल्यावर) ३० दिवस, ही देखरेखीची रूढ पद्धत आहे. फाइलमध्ये नोंद नाही म्हणजे घटना घडली नाही, असं मागे वळून केलेल्या अभ्यासात तर कधीच धरू नका.

जुन्या फाइलींतले भुलावे

ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूच्या एका कर्करोगाच्या) ज्या रुग्णांनी टेमोझोलोमाइड या औषधाची सहा चक्रं पूर्ण केली ते जास्त जगले. अर्थातच, कारण सहा चक्रं पूर्ण करायला तेवढं जगावं लागतं. अशा तुलनेत एक ठरावीक दिवस निवडा आणि त्या दिवशी जिवंत असलेल्यांचीच, त्या दिवसापर्यंत झालेल्या उपचारानुसार तुलना करा.

उपगट आधी लिहून ठेवा. मज्जारज्जूच्या दुखापतीत मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा १९९० चा नॅसिस-२ अभ्यास ८ तासांच्या आत औषध मिळालेल्यांच्या फायद्यावर उभा राहिला. ही विभागणी मागाहून केलेली होती अशी टीका पुढे वर्षानुवर्षं चालली, आणि २०१३ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी हे औषध न देण्याची शिफारस केली.

एक छोटी पण रोजची चूक: "अ गटात आधी-नंतर पी ०.०३, ब गटात ०.०९, म्हणून अ श्रेष्ठ." ही तुलना झालीच नाही. दोन गटांची एकमेकांशी थेट तुलना करा, शस्त्रक्रियेआधीचा मूळ आकडा सहचल धरून (त्यातला फरक हिशेबात घेऊन), आणि फरकाबरोबर ९५ टक्के विश्वासमर्यादा द्या.

कागदपत्रं

एथिक्स कमिटीची मंजुरी आणि चाचणीची नोंदणी पहिल्या रुग्णाआधी हवी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ पासून नोंदणी अट म्हणून ठेवली आहे आणि उशिरा केलेली नोंदणी अनेक ठिकाणी दारातूनच परत पाठवली जाते. संमतिपत्रावर दोन फोन नंबर घ्या, एक रुग्णाचा आणि एक घरातल्या दुसऱ्या माणसाचा. एक वर्षाचा फॉलो-अप हुकतो तो बहुतेकदा रुग्णाने सिम बदलल्यामुळे. जे आलेच नाहीत त्यांचं वय, मूळ ओडीआय आणि शस्त्रक्रियेचे स्तर आलेल्यांशी ताडून तक्त्यात द्या. बरे झालेले कामावर गेले म्हणून आले नाहीत, की न बरे झालेले दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, हे त्यातून थोडं तरी कळतं.