दुर्मीळ ग्रंथांच्या ग्रंथपालनात करिअर करायचंय? या चुका टाळा

या क्षेत्राकडे वळणारे बहुतेक जण वाचनवेडे असतात. त्यात वावगं काहीच नाही, पण पहिली चूक तिथूनच होते: ते मजकूर वाचतात, पुस्तक बघत नाहीत. मजकूर दुसऱ्या प्रतीतही मिळेल. हातातल्या प्रतीचा कागद, शिवण आणि बांधणी मात्र फक्त तिचीच असते.

म्हणून शीर्षकपान उतरवलं की नोंद झाली, असं समजू नका. जुज, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा गठ्ठा, मोजायला शिका. आठ पानांच्या जुजात दोरा चौथ्या आणि पाचव्या पानाच्या मधे दिसतो. पहिलं पान आठव्याशी जोडलेलं, दुसरं सातव्याशी. हिशेब जुळला नाही की नवखा माणूस लगेच ‘पान गहाळ’ लिहून मोकळा होतो. थांबा. शिवणीपाशी कापलेल्या पानाची अरुंद पट्टी आहे का, बघा. तिच्यावर दुसरं पान चिकटवलेलं असेल, तर छापणाऱ्यानंच चुकीचं पान काढून नवं घातलेलं असू शकतं. अभ्यासक नेमकं हेच शोधत येतात.

जुजांचा क्रम कळावा म्हणून पानांच्या तळाशी छापलेल्या खुणेच्या अक्षरांतही असाच चकवा आहे. जुने युरोपीय छापखाने त्यासाठी २३ अक्षरांची लॅटिन वर्णमाला वापरत. त्यात ‘आय’ आणि ‘जे’ एकच, ‘यू’ आणि ‘व्ही’ एकच, ‘डब्ल्यू’ नाहीच. ‘आय’नंतर थेट ‘के’ आला, तर काहीही हरवलेलं नाही.

आकारावरून फोलिओ (छापील ताव एकदा दुमडलेला) की क्वार्टो (दोनदा दुमडलेला) हे ठरवू नका, कारण बांधणारे कडा कापतात. हातकागदात साच्याच्या तारांनी उमटलेल्या, लांब अंतरावरच्या रेषा पाहा: फोलिओत त्या सहसा उभ्या, क्वार्टोत आडव्या.

पांढरे हातमोजे घालण्याचा मोह आवरा. सुती मोज्यात बोटांना पान कळत नाही आणि ते फाटतं. हात धुऊन नीट कोरडे करा, तेवढं पुरे. मोजे छायाचित्रं आणि धातूच्या वस्तूंसाठी ठेवा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर कधीच लावू नका. तिचा डाग कागदात मुरतो.

समासातली जुनी टिपणं, मालकांच्या सह्या, शिक्के यांना घाण समजून नोंदीतून गाळणं मला सगळ्यात जास्त खटकतं. पुस्तक कुणाकुणाच्या हातांतून गेलं, ते त्यांच्यावरूनच कळतं.

आणि पदवी मिळेपर्यंत वाट बघू नका. १९८३ साली सुरू झालेल्या आणि आता अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात असलेल्या रेअर बुक स्कूलमध्ये छोटे, सखोल अभ्यासक्रम चालतात. तिथं जाणं जमेपर्यंत बांधणी सुटलेलं एखादं जुनं पुस्तक मिळवा आणि त्याची जुजं पेन्सिलीनं कागदावर मांडून बघा.