जाडजूड व्हिक्टोरियन कादंबऱ्या अर्ध्यावर का सुटतात? या चुका टाळा

'ब्लीक हाउस' किंवा 'मिडलमार्च' यांसारखी, राणी व्हिक्टोरियाच्या काळातली आठ-नऊशे पानांची कादंबरी हौसेने विकत आणायची, पहिली शंभर पाने नेटाने वाचायची आणि मग ती कपाटात उभी करून ठेवायची, हा अनुभव इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्या अनेकांना एकदा तरी आलेला असतो. मग कोणी इंग्रजी जड असल्याचे सांगतो, तर कोणी एवढे वाचायला आता वेळ कुणाला आहे असे म्हणतो. माझ्या मते या दोन्ही तक्रारी खऱ्या कारणाला बगल देतात. या कादंबऱ्या ज्या मापाने लिहिल्या आणि विकल्या गेल्या, त्या मापाने आपण त्या वाचत नाही. आणि वाचताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या एकाच चुकीच्या पोटातून निघालेल्या असतात.

सलग वाचून संपवण्याचा हट्ट

चार्ल्स डिकन्सची 'ब्लीक हाउस' मार्च 1852 ते सप्टेंबर 1853 या काळात दरमहा एक हप्ता याप्रमाणे लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. निळसर-हिरव्या वेष्टनातली 32 पानांची पुस्तिका, आत दोन चित्रे आणि पुढेमागे भरपूर जाहिराती, असे एका हप्त्याचे रूप होते आणि त्याची किंमत एक शिलिंग होती. शेवटचा हप्ता तेवढा जोडअंक होता. म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास शब्दांचा जो ऐवज आपण दिवाळीच्या सुट्टीत उरकू पाहतो, तो मूळ वाचकांनी एकोणीस महिने पुरवून वाचला होता. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरीही 'करमणूक' साप्ताहिकातून, 1890 पासून, अशीच क्रमशः आली होती, आणि 'क्रमशः' या शब्दापाशी पुस्तक मिटून पुढच्या अंकाची वाट पाहण्याची सवय आपल्या मागच्या पिढ्यांना चांगलीच होती.

डिकन्स प्रत्येक हप्त्यासाठी एका कागदावर आराखडा करीत असे: या महिन्यात कोणाला पुढे आणायचे, कोणाला मागे ठेवायचे, कोणती गोष्ट अजून उघड करायची नाही. त्यामुळे रचनेचे खरे एकक हप्ता आहे, आणि आपण सलग वाचत सुटलो की हे सांधे दिसेनासे होतात. उपाय अगदी साधा आहे. 'ब्लीक हाउस'चा पहिला हप्ता पहिल्या चार प्रकरणांचा, दुसरा पाच ते सात या प्रकरणांचा, तिसरा आठ ते दहाचा आहे. पुढेही साधारण तीन-चार प्रकरणांचा एक हप्ता पडतो. अनेक सटीप आवृत्त्यांत ही विभागणी दिलेली असते. ती पाहून पुस्तकात पेन्सिलीने रेघा मारून ठेवाव्यात, आठवड्याला एक हप्ता वाचावा आणि पुढे वाचण्याचा मोह झाला तरी रेघेपाशी थांबावे. डिसेंबर 1852 चा दहावा हप्ता बत्तिसाव्या प्रकरणाच्या शेवटी संपतो. तो कसा संपतो हे मी सांगणार नाही. पण तिथून लगेच तेहतिसावे प्रकरण उघडणाऱ्या वाचकाने त्या शेवटाची निम्मी गंमत स्वतःच्या हाताने घालवलेली असते. या वेगाने कादंबरी साडेचार महिन्यांत होते, आणि मधल्या दिवसांत दुसरे काही वाचायला मुळीच हरकत नाही.

सगळ्याच कादंबऱ्या हप्त्यांनी आल्या नाहीत. शार्लट ब्राँटीची 'जेन आयर' 1847 मध्ये तीन खंडांत आली. असा तीन खंडांचा संच साडेएकतीस शिलिंगांना मिळे, आणि तो परवडत नसल्याने बरेचसे लोक चार्ल्स एडवर्ड म्यूडी यांच्या वाचनालयातून, वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, भरून, एका वेळी एक खंड घरी नेत. 'जेन आयर'चे पहिले दोन खंड पंधराव्या आणि सव्विसाव्या प्रकरणाशी संपतात. आजच्या एकसलग आवृत्तीत या जागा सहसा कळत नाहीत, म्हणून त्याही खुणा करून ठेवाव्यात.

'शब्दामागे पैसे मिळत, म्हणून पाल्हाळ' असे मानून पाने गाळणे

ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. डिकन्सला मोबदला हप्त्यामागे मिळत असे आणि हप्त्याची पाने ठरलेली होती; लांबण लावून त्याला जास्त काही मिळण्यासारखे नव्हते. मग तेच तेच पुन्हा का येते? 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला युराया हीप दर भेटीत हात चोळतो आणि आपण किती 'अम्बल' (म्हणजे 'हम्बल', नम्र) आहोत हे सांगतो; मिसेस मिकॉबर आपण नवऱ्याला कधीही सोडून जाणार नाही हे, कोणी विचारलेले नसतानाही, बजावतात. पन्नास-साठ पात्रे असलेल्या गोष्टीत जे पात्र महिन्याने, कधी चार महिन्यांनी, पुन्हा समोर येते, ते वाचकाला एका क्षणात ओळखू यावे म्हणून दिलेली ही खूण आहे. तीन दिवसांत दोनशे पाने वाचणाऱ्याला तीच खूण कंटाळवाणी वाटते, कारण त्याला विसरायला वेळच मिळालेला नसतो.

निवेदकाने गोष्ट थांबवून वाचकाशी बोलणे हीदेखील अशीच गाळली जाणारी जागा. कीर्तनात बुवा आख्यान थांबवून निरूपणाकडे वळले म्हणून आपण उठून जात नाही. त्या निरूपणामुळे पुढचा प्रसंग वेगळा ऐकू येणार आहे हे आपल्याला ठाऊक असते. 'मिडलमार्च'ची लेखिका जॉर्ज एलियट हिच्या बाबतीत तर गोष्टीइतकेच महत्त्व या बोलण्याला आहे. वर्णने मात्र मी सगळ्यांनी शब्दन् शब्द वाचलीच पाहिजेत असे म्हणणार नाही. एखाद्या घराचे दीड पान वर्णन भरभर नजरेखालून घालवले तर कोणतेही पाप लागत नाही. 'ब्लीक हाउस'चे पहिले प्रकरण याला अपवाद मानावे. लंडनचा चिखल आणि धुके यांनी भरलेले तिथले सुरुवातीचे परिच्छेद जवळजवळ पूर्ण क्रियापदांशिवाय लिहिलेले आहेत. ज्या कोर्टातला दावा कित्येक वर्षे तसूभर हलत नाही, त्या कोर्टाच्या दारातली भाषाही जागची हलत नाही. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण ज्यांच्या तोंडात आहे त्यांना जार्नडाइस विरुद्ध जार्नडाइस हा दावा समजावून सांगावा लागत नाही.

एकाच पात्राचा हात धरून चालणे

'मिडलमार्च' मी स्वतः दोनदा एकाच ठिकाणी सोडली होती, आणि नंतर लक्षात आले की त्या जागेवर अडणारा मी एकटा नाही. पहिली दहा प्रकरणे डोरोथिया ब्रुकची आहेत. तिच्यात आपले मन गुंतते, तिच्या लग्नाची काळजी वाटू लागते, आणि अकराव्या प्रकरणात लेखिका तिला बाजूला ठेवून लिडगेट नावाच्या तरुण डॉक्टरकडे आणि व्हिन्सी कुटुंबाकडे वळते. डोरोथिया त्यानंतर दिसते ती थेट एकोणिसाव्या प्रकरणात, रोममध्ये. मधली पाने वाचकाला अडथळा वाटतात. वास्तविक ही दोन वेगळी लेखने होती. एलियटने ती पुढे एकत्र केली, आणि 'प्रांतीय जीवनाचा अभ्यास' हे उपशीर्षक तिने विचारपूर्वक दिले. कादंबरी एका बाईची नसून एका गावाची आहे हे आधी मान्य केले की व्हिन्सींच्या घरातल्या न्याहारीच्या गप्पाही रंजक वाटू लागतात. एकोणतिसाव्या प्रकरणात निवेदिका डोरोथियाविषयीचे वाक्य सुरू करून मध्येच तोडते आणि नेहमी डोरोथियाच का, असा प्रश्न विचारून तिच्या रुक्ष नवऱ्याची बाजू मांडू लागते. माझ्या मते संपूर्ण पुस्तकातली ही सर्वांत धीट जागा आहे, आणि पाने उलटत डोरोथियाला शोधणाऱ्या वाचकाच्या हातून ती हमखास निसटते.

'ब्लीक हाउस'मध्ये अडचण निराळी आहे. तिथे दोन निवेदने आलटूनपालटून चालतात: एक वर्तमानकाळात, तिऱ्हाईताच्या तिखट आवाजात, आणि दुसरे भूतकाळात, एस्थर समरसन या मुलीच्या मवाळ आवाजात. एस्थरचा भाग काहींना गुळमट वाटतो. ती स्वतःविषयी काय सांगायचे टाळते याकडे लक्ष दिले की ती तितकीशी साधीभोळी उरत नाही.

नावे लक्षात राहत नसतील तर पुस्तकात एक कोरा कागद ठेवून त्यावर नाव, नाते आणि प्रथम भेटीचे प्रकरण एवढेच लिहावे. इंटरनेटवरच्या पात्रसूचीकडे जाऊ नये; तिथे कोण कोणाचा मुलगा निघतो आणि कोण कधी मरतो हे पहिल्याच ओळीत लिहिलेले असते.

प्रत्येक शब्दासाठी शब्दकोश, आणि प्रत्येक रकमेसाठी गुणाकार

अनोळखी शब्द तीनदा भेटला आणि तरीही अर्थ लागला नाही, तरच शब्दकोश उघडावा. ओळखीचे वाटणारे शब्द मात्र जास्त फसवतात. 'लिव्हिंग' म्हणजे पुष्कळदा चर्चमधले उत्पन्नासह मिळणारे पद असते, आणि 'मेकिंग लव्ह' म्हणजे दिवाणखान्यात चारचौघांदेखत गोड बोलून केलेली प्रेमयाचना. हा दुसरा अर्थ माहीत नसल्यास काही प्रसंग भलतेच वाचले जातात. 'वदरिंग हाइट्स'मधल्या जोसेफची यॉर्कशर बोली समजत नसेल तर ती मोठ्याने वाचून पाहावी. तरीही कळली नाही तर खंत करू नये, कारण 1850 च्या आवृत्तीसाठी लेखिका एमिली ब्राँटीची बहीण शार्लट हिनेही ती वाचकांकरिता सोपी केली होती.

पैशांच्या बाबतीत, बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड आणि एकवीस शिलिंगांची गिनी एवढे पाठ असले की पुरते. रुपये, आणे, पै यांचे हिशेब ऐकलेल्यांना तेही नवे नाही. त्या रकमांचे आजच्या रुपयांत रूपांतर करत बसल्याने हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एकमेकींशी तुलना करावी. गव्हर्नेस, म्हणजे मालकाच्या घरी राहून मुलांना शिकवणारी शिक्षिका, म्हणून जेन आयरला वर्षाला तीस पौंड मिळतात. 'द वॉर्डन'मधल्या मिस्टर हार्डिंग यांना बारा वृद्धांच्या आश्रमाची देखरेख करण्याबद्दल आठशे मिळतात. डोरोथियाला आईवडिलांकडून आलेले स्वतःचे उत्पन्न सातशे पौंडांचे आहे. या तीन आकड्यांतले अंतर समजले की कोण कोणापुढे का वाकतो आणि लग्न ठरताना कोण कशाचा हिशेब करतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

काळाचेही तसेच. 'मिडलमार्च' 1871-72 मध्ये आठ भागांत आली, पण तिच्यातली गोष्ट 1829 ते 1832 मधली, इंग्लंडमधल्या मताधिकाराच्या सुधारणेच्या वादाच्या वेळची आहे. लेखिका चाळीस वर्षांपूर्वीच्या जगाकडे वळून पाहत आहे हे विसरले की तिच्या सुरातला सौम्य उपरोध ऐकू येत नाही.

चुकीची पहिली निवड

सर्वांत जाड पुस्तकापासून सुरुवात करण्यात फुशारकीचा भाग जास्त असतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याने अँथनी ट्रॉलप यांची 'द वॉर्डन' (1855) घ्यावी. तिची प्रकरणे अवघी एकवीस आहेत. रहस्य आवडत असेल तर विल्की कॉलिन्स यांची 'द मूनस्टोन' (1868) घ्यावी. ती 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईतल्या लुटीपासून सुरू होते आणि चोर नेमके कोण, हा प्रश्न भारतीय वाचकाच्या मनात इंग्रज वाचकापेक्षा बराच आधी येतो. डिकन्ससाठी 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' योग्य: ती डिसेंबर 1860 ते ऑगस्ट 1861 या काळात साप्ताहिकातून आल्याने तिचे हप्ते एक-दोन प्रकरणांचेच आहेत आणि रोज एक हप्ता सहज होतो. संक्षिप्त आवृत्त्या मात्र टाळाव्यात. त्यांत कथानक उरते आणि आवाज जातो.

वाचताना मध्ये दोन-तीन महिने खंड पडला तर पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करू नये. बहुतेक पुस्तके दुसऱ्यांदा सुटतात ती याच उत्साहामुळे, कारण तीच शंभर पाने तिसऱ्यांदा वाचण्याची वेळ येते. शेवटचा वाचलेला हप्ता तेवढा पुन्हा वाचावा आणि पुढे जावे.

प्रस्तावना आधी वाचणे

अभ्यासकांच्या प्रस्तावना उत्तम असतात, पण त्या कादंबरी आधीच वाचलेल्यांसाठी लिहिलेल्या असतात आणि त्यांत शेवट बिनदिक्कत सांगितलेला असतो. काही प्रकाशक तशी सूचनाही छापतात. टिपांचेही थोडे असेच आहे, म्हणून पहिल्या वाचनात त्या अडल्याखेरीज उघडू नयेत. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट डिकन्सने आधी वेगळा लिहिला होता आणि एडवर्ड बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सांगण्यावरून छपाईपूर्वी बदलला. मूळ शेवट अनेक सटीप आवृत्त्यांत परिशिष्टात सापडतो. छापलेला शेवट वाचून झाल्यावर निदान एक दिवस जाऊ द्यावा, मग परिशिष्ट काढून दुसरा वाचावा, दोहोंतला कोणता खरा वाटतो ते स्वतःशी ठरवावे, आणि प्रस्तावनेची पाळी त्यानंतर येऊ द्यावी.