बोल्डर ओपल घासताय? मग या चुका टाळा

माझा पहिला बोल्डर ओपल पाऊण मिनिटात संपला. दीड-पावणेदोन इंचाचा तपकिरी तुकडा होता, वरच्या अंगाला निळ्या-हिरव्या रंगाचा पातळ पापुद्रा. सवयीने तो ८० नंबरच्या, म्हणजे भरड दाण्याच्या चाकावर धरला, ‘वरचा उंचवटा तेवढा सपाट करून घेऊ’ म्हणून जरा दाबला आणि उचलून पाहिला, तर हातात नुसता यवतेश्वरच्या घाटात दिसतो तसला तांबडा-तपकिरी दगड. रंग पाण्याबरोबर खालच्या ट्रेमध्ये गेला होता. गाळ बोटांनी चाळूनसुद्धा पाहिला मी. वेडेपणाच, पण पाहिला.

त्याआधी सहा वर्षं मी गारगोट्या घासत होतो. साताऱ्यात राहणाऱ्याला दगडांची ददात नाही. पाऊस ओसरला की संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी गोट्यांत हिंडायचं, बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले अकीकाचे, कॅल्सेडनीचे तुकडे पिशवीत भरून आणायचे आणि पडवीतल्या चाकावर बसायचं. अकीक दणकट असतो. काठिण्य साडेसहा-सात, आत-बाहेर सारखाच. चूक झाली तर आणखी घासा, दगड छोटा होतो एवढंच. त्यावर मनातला लंबगोल कोरायचा, मधे घुमट आणायचा, संपलं. हाच हात घेऊन मी ओपलकडे गेलो. आज मला फोन करून ‘असं का झालं’ विचारणाऱ्यांच्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात: आकार आधी ठरवायचा आणि दगड नंतर पाहायचा.

आधी हे काय आहे ते बघा

बोल्डर ओपल ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा. विंटन, ऑपल्टन, क्विलपी, यौवा, कोरॉइट या भागांतून येतो. तिथल्या लोहयुक्त दगडाच्या भेगांत, चिरांत सिलिकायुक्त पाणी मुरलं आणि ओपल साचला. म्हणजे दगड लोखंडाच्या अंशाचा आणि त्यात ओपलची शीर. रंगाने हा आयर्नस्टोन आपल्या कासच्या जांभ्याच्या नात्यातला वाटतो, घडण मात्र वेगळी. यौवाला तर सुपारीएवढे, अक्रोडाएवढे गोळे मिळतात आणि फोडल्यावर आत ओपल निघाला तर निघाला.

शीर कधी पाच मिलिमीटर जाड असते, कधी कागदाएवढी. आणि सरळ तर क्वचितच. ती नांगरटीसारखी खालीवर जाते. रंगही रंगद्रव्याचा नाही. ओपलमध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे ओळीने रचलेले असतात, त्यांच्यातून प्रकाश विखुरतो आणि रंग दिसतात. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही रचना दाखवली. गोळे मोठे असतील तर लाल दिसतो, लहान असतील तर निळा-जांभळा. आणि रचनाच विस्कळीत असेल तर तो नुसता बिनरंगी ओपल, खाणवाले त्याला पॉच म्हणतात. एकाच शिरेत वर पॉच, मधे रंग, खाली परत पॉच असं असू शकतं. हे कळलं की पुढचं निम्मं नुकसान टळतं, कारण तुम्ही चाकाला दगड लावण्याआधी थांबता.

विकत घेतानाची गफलत

कच्चा माल ओला करून काढलेल्या फोटोवर भुलू नका. पाणी हे फुकटचं पॉलिश आहे, ओला दगड नेहमी दुप्पट देखणा दिसतो आणि बारीक तडे झाकतो. हातात आल्यावर तो आठ-दहा दिवस कोरडा उघड्यावर ठेवा, मग भिंगातून पाहा. आणि उन्हात पाहून खूश होऊ नका. उन्हात सगळेच ओपल देखणे. घरातल्या ट्यूबलाइटखाली रंग टिकला तर तो दगड चांगला.

दुसरी फसवणूक चिकटवलेल्या मालाची. ओपलची पातळ चकती आयर्नस्टोनवर चिकटवून ‘बोल्डर’ म्हणून खपवतात. कड पाहा. जोडरेघ अगदी सरळ, पट्टीने मारल्यासारखी असेल तर संशय घ्या. निसर्गातली हद्द वेडीवाकडी असते, ओपलचे दोरे दगडात शिरलेले दिसतात. जयपूरकडून येणारा इथिओपियाचा ओपलही वेगळा. त्यातला पुष्कळसा पाणी शोषतो, ओला झाला की रंग हरवून बसतो आणि वाळल्यावर परत दाखवतो. त्याची पथ्यं बोल्डरला लावू नका आणि बोल्डरची त्याला तर मुळीच नको. बोल्डर पाण्यात बुडवून ठेवायचीही गरज नसते, तो बऱ्यापैकी स्थिर दगड आहे.

कापताना

फरशी कापायचं पातं वापरू नका. त्याची जाडी दीड-दोन मिलिमीटर आणि तुमची शीर एक मिलिमीटरची. म्हणजे पात्यानेच ओपल खाल्ला! रत्नकामाची पाती ०.४ मिलिमीटरच्या आसपास मिळतात, महाग असतात, पण एका चांगल्या दगडात पैसे वसूल होतात. काप शिरेवरून नाही, तिच्या शेजारून, थोडा दगड राखून घ्या. शीर बाजूने झगझगीत दिसते म्हणून वरूनही तशीच दिसेल असं मुळीच नाही, प्रकाशाचा कोन बदलला की खेळ बदलतो. म्हणून आधी कोपऱ्यात बारीक चाकाने छोटी खिडकी पाडा, पाण्याचा थेंब टाका आणि वरून पाहा. रंग वरून नसेल तर त्या दगडाला कडेनेच मांडायचा विचार करावा लागतो.

चाकावर

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नुकसान इथेच होतं.

पहिली गोष्ट मोटर. गॅरेजमधला साधा बेंच ग्राइंडर मिनिटाला २८०० फेरे घेतो. त्यावर सहा इंची हिऱ्याचं चाक बसवलं की पाणी चाकावर ठरतच नाही, सगळं तोंडावर उडतं आणि दगड कोरडा घासला जातो. ओपलमध्ये साधारण ३ ते १० टक्के पाणी असतं. एका जागी गरम झाला की तो तडकतो आणि तडकलेला ओपल पुन्हा सांधत नाही. १४४० फेऱ्यांची मोटर घ्या, एमआयडीसीतल्या जुन्या मोटरवाल्यांकडे सहज मिळते. पाणी ठिबकतं ठेवा आणि ते बोअरचं असेल तर आठवड्याला नळी साफ करा, क्षाराने तोंड कधी बुजतं ते कळतसुद्धा नाही. पाणी आणि वीज शेजारी-शेजारी आहेत, तेव्हा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) न लावता हे काम करू नका. लाइट गेली तर दगड चाकावरून उचला आणि बटण बंद करा. आमच्या गल्लीत लाइट परत येते ती न सांगता येते.

दुसरी गोष्ट नंबर, म्हणजे चाकाच्या दाण्याचा बारीकपणा; आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. ८० ला बोल्डरच्या ओपलच्या बाजूने कामच नाही. ते चाक फक्त पाठीमागचा आयर्नस्टोन कमी करायला. तोंडाकडून मी २८० ने सुरुवात करतो, शीर पातळ असेल तर थेट ६०० ने. वेळ लागतो. लागू द्या. दहा सेकंद घासा, धुवा, कोरडं करा, पाहा. पॉचचा थर घालवताना हे खास महत्त्वाचं, कारण रंगाचा थर उघडा पडला ते चाक सांगत नाही, डोळ्यांनीच पाहावं लागतं. आणि रंग पूर्ण उघडा पडला की थांबायचं. ‘अजून थोडा उजळेल’ हे वाक्य मनात आलं की मोटर बंद करून चहा प्यायला जायचं, असा मी नियम केला आहे.

तिसरी आणि सर्वांत मोठी: वळण. शीर खालीवर जात असेल तर तिला सपाट करायला किंवा घुमट द्यायला जाऊ नका. उंचवट्यावरचा रंग जातो आणि खोलगटात पॉच तसाच राहतो. शिरेच्या वळणाने जायचं. मोठ्या चाकाची कड जिथे पोचत नाही तिथे लवचीक शाफ्टच्या हातमशीनवर हिऱ्याचा छोटा गोल बर (घासायचं टोक) लावून, दगड पाण्यात अर्धा बुडवून, हलक्या हाताने. यातून जो आकार निघतो तो कधी वरवंट्यासारखा असतो, कधी फुटक्या कौलासारखा. पहिल्यांदा मलाही ओशाळल्यासारखं झालं होतं, हे काय वेडंवाकडं म्हणून. पण बोल्डर ओपल जगभर असाच, मुक्त आकारात विकला जातो. नगावर भाव ठरतो तो रंगावरून. पाठीचा दगड जड असल्यामुळे नुसत्या कॅरेटच्या हिशोबाला फारसा अर्थ राहत नाही.

पाठ फार पातळ करू नका, ओपलखाली दीड-दोन मिलिमीटर आयर्नस्टोन राहू द्या. तोच या दगडाचा कणा, आणि तो काळपट असल्यामुळेच रंग उठून दिसतो. खालच्या कडेला बारीक उतार काढा, नाहीतर सोनाराने बसवताना टवका उडालाच म्हणून समजा.

लाख, चिकटवणं आणि फ्रीज

अकीकाला मी लाखेच्या काठीवर बसवायचो. मेणबत्तीवर लाख तापवायची, दगडही शेकायचा, चिकटवायचा. काम झालं की फ्रीजरमध्ये टाकायचा, लाख टचकन सुटते. ओपलला हे दोन्ही धक्के देऊ नका, शेकही नको आणि गारठाही नको. लहान दगड मी खिळ्याच्या डोक्यावर फेव्हिक्विकने चिकटवतो आणि ॲसिटोनच्या झाकणबंद बाटलीत रात्रभर ठेवून सोडवतो. खिडकी उघडी, आसपास ज्योत नको. मोठा तुकडा असेल तर काठीची गरजच नसते, पाठीचा दगड बोटांत धरता येतो.

पॉलिश येत नाही, मग दोष कुठे?

कोरड्या दगडावर बारीक समांतर रेघा दिसत असतील तर तुम्ही नंबर घाईने बदलला आहे. दर नंबरला दगड काटकोनात फिरवा. आधीच्या रेघा आडव्या दिसेनाशा झाल्या की मगच पुढे. ६००, १२००, ३००० यांतला एकही नंबर गाळू नका. एखादीच खोल रेघ मधूनच उमटत असेल तर आधीच्या भरड नंबरचा कण सोबत आला आहे. हात, नखं, दगड, ॲप्रन, सगळं धुवा. आमच्याकडे पॉलिशच्या टेबलाशेजारी कुंडी होती, तिची माती उडून माझे दोन दगड गेले. क्वार्ट्झचा कण ओपलपेक्षा कठीण असतो, ओपलचं काठिण्य साडेपाच ते साडेसहाच.

ओपल चमकतो पण भोवतीचा आयर्नस्टोन खड्ड्यात गेल्यासारखा, मळकट दिसतो? मऊ फेल्टवर (नमद्याच्या चाकावर) फार वेळ काढलात. फेल्ट मऊ भाग जास्त खाते. परत १२०० च्या घट्ट चाकावर या, दाब निम्मा करा आणि शेवटचं पॉलिश चामड्यावर थोडक्यात उरका. काही आयर्नस्टोन कितीही केलं तरी चमकत नाही, वाळूमिश्रित असतो. तो मॅट राहू द्यावा असं माझं मत. चमकत्या ओपलशेजारी तो शोभतोही.

सेरियम ऑक्साइड, काचवाले वापरतात तेच, ओपलला सुरेख चमक देतं. पण आयर्नस्टोनच्या छिद्रांत ते पांढरट होऊन बसतं आणि वाळल्यावर दगडाला कोड फुटल्यासारखं दिसतं. ओलं असतानाच जुन्या टूथब्रशने काढा. फार छिद्राचा दगड असेल तर सेरियम टाळा, १४००० नंबरची हिऱ्याची पेस्ट घ्या. आणि फेल्ट ओलसर हवी. ती कोरडी होऊन दगड ओढू लागली, की उष्णता तयार होतेय. मी एक दगड शेवटच्या मिनिटाला असा तडकवला आहे, त्यामुळे हे वाक्य जरा जोरात वाचा.

छिद्रं अराल्डाइट आणि दगडाची पूड कालवून भरतात. भरा, पण देताना सांगा. न सांगता दिलात तर ती लबाडी.

धूळ

कोरडं घासायचं नाही, अगदी ‘एवढीच कड’ असली तरी. आयर्नस्टोनमध्ये क्वार्ट्झ असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस किती पसरला, हे आरोग्याच्या अभ्यासांतून नोंदलेलं आहे. ती माणसं पोटासाठी घासत होती. आपण हौसेसाठी घासतो, आपल्याला सबब नाही. एन-९५ मास्क लावा आणि संध्याकाळी फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. गाळ वाळू देऊ नका.

सोनाराकडे देताना

दगड तयार झाला म्हणजे धोका संपला असं नाही. माझी एक जोड, शीर दुभंगून दोन्ही अर्ध्यांवर आरशासारखे सारखे रंग आलेली, कानातल्यांसाठी सोनाराकडे दिली. माणूस कसबी, पण हात हिऱ्या-पुष्कराजावर बसलेला. दगड बसवून झाल्यावर मागची कडी सुटली, तर त्याने तशीच गॅसची ज्योत मारली. नंतर उजळायला रिठ्याच्या पाण्यात उकळलं. मला म्हणाला, “अण्णा, दगडच कच्चा निघाला की तुमचा!” आता मी चिठ्ठीच लिहून देतो: सगळं डागकाम आधी, दगड शेवटी, ज्योत नाही, उकळणं नाही, तेजाब नाही, अल्ट्रासॉनिक मशीन नाही. कोमट पाणी, मऊ ब्रश, एवढंच.

काही जण शुक्राचं रत्न म्हणून ओपल मागायला येतात आणि बोल्डर पाहून नाक मुरडतात, मागे दगड आहे, हा अशुद्ध म्हणून. ‘ओपल’ शब्दाचं मूळ संस्कृत ‘उपल’ म्हणजे दगड, असं बरेच अभ्यासक मानतात, हे मी त्यांना हसत सांगतो. पटत नाही त्यांना. जे घेतात ते अंगठी कच्च्या दुधात बुडवणार असतात. घटकाभर बुडवा, म्हणतो मी, पण लगेच स्वच्छ पाण्याने धुवा. आयर्नस्टोनच्या छिद्रांत दूध राहिलं, तर चौथ्या दिवशी शुक्राचा वास येतो.